पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे

आमचा आक्षेप एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे 'पारंपरिक'. पूर्वी कॅसेटच्या वेष्टणावर, मग सीडीच्या पाठीवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर गाण्याखाली 'गीत : पारंपरिक, संगीत : पारंपरिक' असे आपण नेहमी वाचतो आणि पुढे जातो. शब्द मोठा नम्र दिसतो. जणू कुणीतरी हात जोडून सांगते आहे की हे माझे नव्हे, पूर्वजांचे आहे. पण गाणे मागच्या पावसाळ्यात रचलेले असते, रचणारा धडधाकट जिवंत असतो, त्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत असतो, तेव्हा या शब्दाचा अर्थ बदलतो. मग तो पूर्वजांचा आदर राहत नाही. जिवंत माणसाला पूर्वज ठरवून त्याची मालमत्ता वाटून घेण्याची ती सोय होते.

गोराईपासून सुरुवात करू. मुंबईत गोराया दोन आहेत. खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या अंगाला, म्हाडाच्या चाळी-इमारतींची गोराई. आणि होडीने खाडी ओलांडली की धारावी बेटावरची मूळ गोराई, जिथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि शेती करीत आली. बाकीच्या मुंबईला ही पलीकडची गोराई २००९ साली खुल्या झालेल्या पॅगोडामुळे आणि १९८९ पासून २०२२ पर्यंत चाललेल्या एस्सेलवर्ल्डमुळे माहीत. पण लग्नसराईत या बेटावर आणि अलीकडच्या वसाहतीतही जे ऐकू येते ते महत्त्वाचे. हळदीच्या मांडवात रात्रभर कोळीगीते, आगरी गाणी चालतात. ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधी उंबराचे पाणी आणायला बाया बँडबरोबर वाजत-गाजत विहिरीवर जातात. त्या वेळच्या गाण्यांची बोली मराठीच आहे, कुणी प्रमाण म्हणो वा न म्हणो. आणि हे गाणे लिहिणाऱ्या, वाजवणाऱ्या, ध्वनिमुद्रित करणाऱ्या हातांत, गोराईपासून भिवंडीपर्यंत, आपल्या बिरादरीचेही हात आहेत.

मांडवात विचारा, हे गाणे कुणाचे? उत्तर येते गाणाऱ्याचे नाव. पुन्हा विचारा, रचले कुणी? उत्तर येते, "ते आपले जुने, कोळ्यांचे." उंबराच्या पाण्याच्या गाण्यांबाबत हे खरे आहे. ती खरोखर बायांच्या ओठांवर घडली, त्यांचा एक कर्ता नाही. पण त्याच मांडवात 'मी डोलकर' लागते आणि तेही "जुने कोळ्यांचे" म्हणून खपते. त्या गाण्याचे शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. चौघांपैकी एकही कोळी नाही. इतक्या प्रसिद्ध माणसांचे गाणे जर पन्नास-साठ वर्षांत लोकगीत होऊन बसते, तर ज्याचे नाव कधी छापलेच गेले नाही अशा गोराईच्या किंवा मालवणीच्या पोराची काय कथा?

हा पोरगा कोण, ते सांगायला हवे, कारण साहित्याच्या चर्चेत तो कधी येत नाही. तो स्वतः गातो. उरुसात कव्वाली गातो, कुणाच्या ऑर्केस्ट्रात कोरसला उभा राहतो. पण केवळ गळ्यावर त्याचे पोट चालत नाही, म्हणून तो दुसऱ्यांसाठी गाणी करतो. करतो म्हणजे काय काय करतो? मोबाइलवर चाल गुणगुणून ठेवतो. त्या चालीवर आगरी-कोळी बोलीत शब्द बसवतो. संगणकावर ढोलकी, संबळ, बँजो यांचे तुकडे जोडून ठेका उभा करतो. मग स्वतःच्या आवाजात गाणे पूर्ण गाऊन देतो. या धंद्यात त्याला 'डमी' म्हणतात. नाव असलेला गायक येतो, डमी दहादा ऐकतो, तिच्यातली प्रत्येक हरकत उचलतो आणि तासा-दोन तासांत गाऊन जातो. नंतर डमी पुसली जाते. कवी, संगीतकार, संयोजक, गायकाचा शिक्षक आणि निर्माता अशी पाच कामे एका माणसाने केलेली असतात. हातात पडते ती एकरकमी रोकड, तीही पुष्कळदा दोन हप्त्यांत. कागद नाही, सही नाही. गाणे बाहेर येते तेव्हा पडद्यावर गायकाचे नाव असते, कंपनीचे असते, नाचणाऱ्या जोडीचे असते, कॅमेरा धरणाऱ्याचेही असते. त्याच्या जागी 'पारंपरिक'.

हे अनवधानाने होते असे कुणी म्हणू नये. या शब्दात पैसा आहे. कसा, ते समजून घेऊ.

स्वामित्व हक्काचा आपला कायदा १९५७ चा. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्माते मालक ठरतात असा निकाल दिला. गीतकार-संगीतकाराने चित्रपटासाठी मोबदला घेऊन गाणे केले की, वेगळा करार नसेल तर, त्याचा हक्क निर्मात्याकडे गेला. त्या निकालाला जोडलेल्या टिपणीत न्या. कृष्णा अय्यर यांनी गाणाऱ्याला तर कायदा ओळखतच नाही याकडे बोट दाखवले होते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना थोडेफार हक्क मिळायला १९९४ उजाडले. आणि गीतकार-संगीतकारांना खरा दिलासा मिळाला २०१२ च्या दुरुस्तीने. त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर जावेद अख्तर यांनी केलेली धडपड सर्वांना ठाऊक आहे. त्या दुरुस्तीनुसार शब्द आणि चाल यांचा कर्ता आपला रॉयल्टीचा समान वाटा सोडूनच देऊ शकत नाही. कंपनीने त्याच्याकडून 'सगळे हक्क दिले' असे लिहून घेतले तरी तेवढा भाग निरर्थक. हा वाटा तो फक्त वारसांना किंवा हक्कवसुलीच्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकतो. हा नियम चित्रपटगीतांना आहे, तसाच चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही आहे. हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे टिकतो.

आता गोम लक्षात येईल. कर्ता असेल तर त्याचा वाटा बुडवता येत नाही. म्हणून सर्वांत सोपा उपाय असा की कर्ताच नाही असे म्हणावे. 'पारंपरिक' म्हटले की वाटेकरी उरत नाही. जो कायदा दाराने आत आला त्याला या एका शब्दाने खिडकीतून बाहेर काढता येते. २०१२ पूर्वी हा शब्द आळसाने छापला जात असेल. आज तो छापणाऱ्याला आळशी म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही.

कायद्याचीही एक बाजू सांगतो, म्हणजे आम्ही त्याची आरती ओवाळतो आहोत असे वाटायला नको. १९८४ साली चोरट्या कॅसेटींना आळा घालण्यासाठी कलम ५२-अ घातले गेले. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर काय छापले पाहिजे ते त्यात सांगितले आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कमालकाचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष. बस्स. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे छापण्याची सक्ती त्या यादीत नाही. कलम ५७ कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क देते, हक्क विकल्यानंतरही देते. पण तो सांगायला कर्त्याने स्वतः कोर्टाची पायरी चढायची. डब्यावर मालकाचा पत्ता असलाच पाहिजे आणि स्वयंपाक कुणी केला ते नसले तरी चालेल, असा हा न्याय आहे.

आमच्या जुन्या, निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या फडांचा न्याय याहून चोख होता. मराठी लावणीच्या शेवटच्या कडव्यात कर्त्याचे नाव येते. त्याला नाममुद्रा म्हणतात. पेशवाईच्या अखेरच्या काळात जेजुरीचा सगनभाऊ, धर्माने मुसलमान आणि धंद्याने शिकलगार, हत्यारांना धार लावता लावता लावण्या रचत होता. आज दोनशे वर्षांनी त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते कोणत्या दप्तरामुळे नव्हे, तर त्याने ते आपल्या रचनेत विणून ठेवले म्हणून. गाणारा दुसरा असला तरी शेवटचे कडवे गाताना त्याला सगनभाऊचे नाव घ्यावेच लागे. नाव टाळायचे तर गाणे अपुरे राही. त्याच काळातले होनाजी-बाळा पाहा. पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. ते दोघे होते. होनाजी शिलारखाने रचणारा आणि बाळा कारंजकर गाणारा. दोघांची नावे जोडून एकच मुद्रा झाली. भागीदारीचा याहून सुंदर करार कुठल्या वकिलाने लिहिला असेल, तर दाखवा.

संतपरंपरेतही हेच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग वारकऱ्यांनी गायले, आजही गातात. गाणाऱ्याच्या तोंडून 'शेख महंमद' हे नाव निघतेच. गझलेत मक्ता असतो, त्यात शायराचा तखल्लुस. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावच्या इलाही जमादारांच्या गझला त्यांच्या आवाजापेक्षा इतरांच्या आवाजात अधिक लोकांपर्यंत गेल्या. २०२१ साली ते गेले. पण मक्त्यात 'इलाही' आहे, तोवर गाणाऱ्याला त्यांना ओलांडून जाता येणार नाही. वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर याहून ठसठशीत. १९२२ ते २००४ हे त्यांचे आयुष्य. स्वतः गात गावोगाव फिरलेला हा कवी. त्यांची गीते नंतर शेकडो गायकांनी, कव्वालीच्या ठेक्यावर, आपापल्या गळ्याने गायली. तरीही वस्तीतले पोर सांगते, हे वामनदादांचे. का सांगते? कारण शेवटी 'वामन' येतो. ज्यांच्याकडे छापखाने नव्हते, कंपन्या नव्हत्या, त्यांनी आपली मालकी गाण्याच्या आत पुरून ठेवली.

मग ध्वनिमुद्रिका आली. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. कडवी कमी झाली, मुखडा वाढला. ऐकणाऱ्याला शेवटाची वाट पाहण्याची सवय राहिली नाही. नाव गाण्याच्या आतून बाहेर येऊन वेष्टणावर बसले, आणि वेष्टण ज्याच्या हातात त्याच्या हातात नावही गेले. आज तर वेष्टणही नाही. पंधरा सेकंदांचा तुकडा रीलमध्ये वाजतो, त्यात शेवटचे कडवे यायचा प्रश्नच नाही.

इथे कुणी म्हणेल, नाव नसले म्हणून काय बिघडले? मोठमोठ्यांनी आपले नाव लपवले आहे. खरे आहे. लता मंगेशकरांनी 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला स्वतःच्या नावाने संगीत दिले आणि पुढे 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' हे चित्रपट 'आनंदघन' या नावाने केले. त्यांतली काही गाणी स्वतः गायली, काही इतरांना दिली; 'मराठा तितुका मेळवावा'तली शांताबाईंची लावणी आशा भोसले यांनी गायली. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण ते सर्वांपुढे आले. गायिकेने दुसऱ्यांसाठी संगीत करावे, नाव झाकावे, हे घडले आहे आणि ते सुंदरही आहे. पण फरक साधा आहे. आनंदघन हे नाव लताबाईंनी स्वतः घेतले होते आणि हवे तेव्हा त्या ते उतरवू शकत होत्या. बुरखा आपण होऊन घेणे आणि कुणी तोंड दाबणे यांतला फरक निदान आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

दुसरा युक्तिवाद असा की पैसे घेतले ना, मग विषय संपला. या युक्तिवादाला एक थोर नाव आहे, आणि ते आमचे लाडके नाव आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह लताबाईंनी धरला. मोहम्मद रफी यांचे मत उलट होते. गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला, असे ते मानीत. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणेही बंद केले. रफीसाहेबांच्या दिलदारपणाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एका फकिरी वृत्तीच्या, भरपूर काम असलेल्या माणसाने आपला हक्क सोडणे ही सखावत झाली. तोच दाखला देऊन ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याचा हक्क सोडवून घेणे ही लूट झाली. दानाचा कायदा करता येत नाही. या वादात लताबाईंचे म्हणणे बरोबर होते, आणि रफींवरच्या प्रेमापोटी आपण ते मान्य करायला कचरतो, हे आम्ही इथे स्पष्ट म्हणतो.

रफींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. त्यांनी गायलेल्या मराठी गाण्यांचा आपल्याला कोण अभिमान! संमेलनात, ईद-मिलनात ती हटकून लागतात. पाहा, आमच्या रफींनी मराठी गायले, असे आपण सांगतो. ती बहुतेक गाणी उर्दूची जाण असलेल्या श्रीकांत ठाकरे यांनी बांधली, रफींच्या जिभेवर मराठी शब्द बसवले. त्यांतल्या सर्वांत लोकप्रिय भक्तिगीताचे शब्द वंदना विटणकर यांचे. आपल्यापैकी कितीजण हे नाव घेतात? नाव गाळण्याची सवय कंपन्यांनाच आहे असे नाही. ती आपल्यालाही आहे.

हे दुखणे फक्त मराठी गाण्याचे किंवा फक्त गरिबांचे नाही. गुलाम मोहम्मद कित्येक वर्षे नौशादांचे सहायक होते. 'पाकीजा' हे त्यांचे स्वतंत्र काम १९७२ साली पडद्यावर आले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. फिल्मफेअरने संगीताचा पुरस्कार त्यांना दिला नाही, म्हणून अभिनेते प्राण यांनी आपल्याला मिळालेला पुरस्कार नाकारला. बोलला तो नट. संगीताच्या दुनियेतून असा आवाज उठला नाही. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ घडवला. अँथनीचे नाव लोकांच्या तोंडी आले ते एका चित्रपटातल्या गमतीच्या गाण्यामुळे, त्याने बांधलेल्या वाद्यमेळामुळे नव्हे. दुसऱ्याचे गाणे उभे करणारा माणूस या धंद्यात नेहमी 'सहायक' असतो. सहायक या शब्दाचा धाकटा भाऊ म्हणजे 'पारंपरिक'.

आता आपल्या घरात डोकावू. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी आमची आहे, आम्ही तिचे आहोत, हे आपण ठणकावून सांगितले आणि ते सांगणे आवश्यकच होते. त्यानंतर आपल्या विशेषांकांत कविता आल्या, कथा आल्या, आत्मकथने आली, समाजसुधारणेवर उत्तम लेख आले. गाणे मात्र आले नाही. दुसऱ्याने गावे म्हणून लिहिलेले शब्द हे साहित्य नव्हे, तो धंदा, असा एक अलिखित नियम आपणही पाळला. ज्या प्रस्थापितांनी आपल्याला बाहेर ठेवले, त्यांचीच चाळणी आपण उचलून आणली.

अमर शेख यांचे काय केले आपण? बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, मोटारीवर क्लीनरचे काम केलेला, गिरणीत राबलेला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंचे शब्द अमर शेखांच्या गळ्यातून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये लाखोंपर्यंत गेले, आणि अमर शेखांनी रचलेली गाणी इतर पथकांनी गावोगाव नेली. त्या कलापथकात कुणी कुणाचे नाव गिळले नाही. म्हणून तर आज आपण खात्रीने सांगतो, हे अण्णा भाऊंचे आणि हे शेखांचे. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. १९६९ साली ते अपघातात गेले. आपण दर १ मेला त्यांचा फोटो बाहेर काढतो. कशासाठी? महाराष्ट्राच्या लढ्यात आमचाही माणूस होता, हे इतरांना दाखवण्यासाठी. आपण त्यांना प्रमाणपत्र केले. प्रमाणपत्र कुणी वाचत नाही, ते फक्त दाखवायचे असते. 'कलश' आपल्या किती वाचनालयांत आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते पाहून यावे.

घरातला दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. काहीजण म्हणतात, गाणे-बजावणे मुळात आपल्यात मान्य नाही, मग त्याच्या कमाईची चिंता कशाला? संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद जुने आहेत. एकीकडे खानकाहांतला समा आहे, दुसरीकडे त्याला सक्त मनाई करणारे आहेत. तो वाद आम्ही इथे सोडवणार नाही. तो आमचा अधिकारही नाही. पण मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी चुकती करावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि तिच्याबद्दल कोणत्याही फिरक्याचे दुमत आम्ही ऐकलेले नाही. ज्यांना गाणे नापसंत आहे त्यांनी ते ऐकू नये. पण गाणे नापसंत म्हणून गाणे करणाऱ्याला लुटणारा पसंत, हे कुठले फिक्ह? शिवाय हा प्रश्न आता नात आणि हम्दपर्यंत आला आहे. नात लिहिणारा शायर वेगळा, चाल बांधणारा वेगळा, पडद्यावर चमकणारा वेगळा. तिथेही शायराचे नाव गळते. पैगंबरांच्या स्तुतीचे शब्द ज्याने लिहिले त्याचे नाव खाऊन सवाब कसा मिळणार, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनीच द्यावे.

नाण्याची दुसरी बाजू आम्ही लपवणार नाही. जिवंत माणसाच्या गाण्याला पारंपरिक म्हणणे ही एक चोरी, तशी खरोखर पारंपरिक गाण्याला आपले म्हणणे ही दुसरी. गोराई, मनोरी, उत्तनच्या बायांनी जात्यावर, मांडवात, विहिरीवर गायलेली गाणी कुणीतरी मोबाइलवर टिपून नेतो, दोन शब्द बदलतो, खाली ठेका घालतो आणि स्वतःचे नाव गीतकार म्हणून लावतो. म्हातारीला पत्ता नसतो. पुढे तीच गाणी तिच्या नातवाने यूट्यूबवर टाकली तर त्याच्यावरच हक्कभंगाची तक्रार येऊ शकते. आमचा हट्ट सर्व गाण्यांना मालक लावण्याचा नाही. सत्य लिहावे एवढाच आहे. जे गावाचे आहे तिथे गावाचे नाव लिहा, गाणारीचे नाव लिहा. जे माणसाचे आहे तिथे माणसाचे.

आणि गैरसमज नको म्हणून सांगतो, हळदीच्या मांडवात गाणे वाजले म्हणून यजमानाच्या दारात वसुलीला जा, असे आम्ही म्हणत नाही. लग्नसमारंभात गाणे वाजवणे हा कायद्याने हक्कभंग ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. गरिबाच्या लग्नातून पैसा काढायचा नाही. पैसा आहे तो त्या गाण्याच्या पडद्यावरच्या कोट्यवधी फेऱ्यांत, जाहिरातींत, मोबाइल कंपन्यांच्या व्यवहारात. तिथला वाटा मागायचा आहे. मांडवात मागायचे ते फक्त नाव.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत. सरकारकडे मागून पुष्कळ झाले. त्या आपल्या स्वतःकडे आहेत.

गाणी करणाऱ्या मुलांनो, कागद करा. हक्क दिल्याचा करार लेखीच असावा लागतो, तोंडी दिलेला हक्क कायदा मानत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करार होताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाला, त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख केलेला नसेल तर, तो करार लागू होत नाही. आज यंत्र माणसाच्या आवाजाची नक्कल करते आहे, तुमची डमी उद्या कुणाच्या कामी लावली जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे कलम पाठ करून ठेवा. हक्कवसुलीच्या संस्थेत नाव आणि गाणी नोंदवा. जिथे तुमच्या नावाची नोंदच नाही तिथे तुमचा वाटा तुम्हाला शोधत घरी येणार नाही. डमीची मूळ प्रत तारखेसह जपून ठेवा. तुमच्या कर्तेपणाचा तोच साक्षीदार.

गायकांनो, तुम्हीही कधीकाळी दुसऱ्याची डमी गायली आहे. मंचावर उभे राहिलात की गाण्याआधी दोन नावे घ्या, शब्दांचे आणि चालीचे. पाच सेकंद लागतात. वामनदादांचे नाव घेताना टाळी मिळते हे तुम्हाला माहीत आहे. मालवणीतल्या पोराचे घेऊन पाहा.

संपादकांनो, संमेलनाच्या आयोजकांनो, दरवर्षी ज्या कविता छापता त्यांच्या शेजारी चार पाने गाण्यांना द्या. आपल्या लोकांनी दुसऱ्यांसाठी लिहिलेली कव्वाली, कोळीगीत, हळदीचे गाणे, नात, पोवाडा, त्यांची यादी कर्त्याच्या नावासकट छापा. दहा वर्षांनी तीच यादी कोर्टात पुरावा होईल आणि पन्नास वर्षांनी इतिहास. परिसंवादात 'मुस्लिम मराठी कवितेची दिशा' दरवर्षी ठरते. एका वर्षी गाण्याची दिशा ठरू द्या, आणि मंचावर प्राध्यापकांच्या शेजारी स्टुडिओत रात्री जागवणाऱ्या एका मुलाला बसवा. त्याला विचारा, मागच्या हंगामात तुझी किती गाणी गाजली आणि त्यांपैकी कितींवर तुझे नाव होते. तो आकडा सांगेल तेव्हा सभागृहात कुणीही 'पारंपरिक' म्हणू नये, एवढे पाहा.

आणि रचणाऱ्यांना शेवटचे एक सांगणे. कागद हरवतो, कंपनी बंद पडते, पडदे बदलतात. तेव्हा नाममुद्रा परत आणा. ती शेवटच्या कडव्यात ठेवू नका, तिथवर आता कुणी ऐकत नाही. मुखड्यातच ठेवा, ठेक्याच्या ऐन समेवर, जिथून ती कापली तर गाणेच लंगडे होईल. सगनभाऊने हत्यारांना धार लावता लावता हे केले. तुमच्या हातात तर संगणक आहे.